बोडीवरचा आतखाऊ

मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो, खाणीच्या कचेरीत हजेरीबाबू म्हणून लागलो होतो, मला बऱ्यापैकी मिशी होती, आणि अशा वयात लाखांदूरकडच्या एका गावी, माझ्या बहिणीच्या सासरच्या ओसरीवर उभं राहून मला ड्रॅगनच्या जाती समजावून सांगाव्या लागल्या. समोर तिचे सासरे, गावातली तीन-चार जाणती माणसं, एक भगत आणि माझे वडील बसले होते. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या ओसरीची आठवण आली की अजून माझे कान तापतात.

आमचं घर चिखल्याला, खाणीच्या वसाहतीत. वडील जमिनीखाली कामाला होते. भोंगा झाला की जायचे, आणि परत यायचे तेव्हा नखांत, कानांच्या पाळ्यांत मँगनीजची काळी भुकटी असायची. ती अंघोळीनंही जात नसे. खाली काय आहे ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "अंधार आहे. दुसरं काय राहीन?" आणि जेवायला बसायचे. दुपारी सुरुंग उडाला की आमच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. आई हात न थांबवता भाकर थापत राहायची.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणायचो. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यातलं किडूकमिडूक वसाहतीत वाटलं गेलं, त्यात आमच्या वाट्याला चहाचा एक पत्र्याचा डबा आला. डब्यावर हिरवा, लांबलचक, मिशा असलेला एक प्राणी होता आणि त्याच्या नाकातून धूर निघत होता. आईनं त्यात हळद भरली. बाई डबा घेऊन शाळेत गेली आणि गुरुजींना दाखवून आली. गुरुजींनी सांगितलं, याला ड्रॅगन म्हणतात, तो चीनकडच्या गोष्टींत असतो, खरा नसतो. बाईनं विचारलं, याच्या जाती किती? गुरुजी म्हणाले, जो नाहीच त्याच्या जाती कशा असतील? घरी येऊन तिनं मला हे सारं सांगितलं आणि म्हणाली, "त्यायले माहीत नाही म्हणून तसं म्हणतात."

तिथून ते सुरू झालं. वडील जिथं जायचे त्याच्याही खाली एक मुलुख आहे असं आम्ही ठरवलं. त्याला आम्ही खालचा मुलुख म्हणायचो. तिथं माणसं नव्हती, फक्त ड्रॅगन. आई त्यांना डरगन म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

बाईला तेव्हा शाळेत प्राण्यांचं वर्गीकरण शिकवत होते, पाठीचा कणा असलेले, नसलेले, अंडी घालणारे, पिल्लं देणारे. वर्गातल्या बाकीच्या पोरींना त्याचा कंटाळा यायचा. हिला मात्र त्याचं वेड लागलं. आमचे डरगन तिनं त्याच रीतीनं लावायला घेतले. रंगावरून जात ठरवायची नाही, हा तिचा पहिला नियम. गायी काळ्या-पांढऱ्या असतात म्हणून त्या दोन जाती होतात काय, असं ती विचारायची. पंखावरूनही नाही. पंख तर कोंबडीलाही असतात. तिचे प्रश्न निराळे होते. त्याची उष्णता अंगात कुठं राहते? तो काय खातो? आणि मेल्यावर त्याचं काय होतं? या तिन्हींची उत्तरं देता आली तरच जात पक्की.

असे पोटात आग असणारे पोटभट्टे झाले. त्यांना सारखं खावं लागे, कारण भट्टी विझली की ते मरत. पाठीत उष्णता असणारे शेकणे झाले, ते कुणाला काही करत नसत, नुसते पडून असत, आणि त्यांच्या पाठीवर दुसऱ्या जातीचे डरगन अंडी उबवायला ठेवत. बोगद्यात राहणारे मुके होते, त्यांना डोळे नव्हते, आवाज नव्हता, ते भिंतीला कान लावून चालायचे आणि मेल्यावर त्यांचा दगड व्हायचा. दगड खाणारे काळ्ये होते. मँगनीज म्हणजे काळ्यांचं शेण, हे माझं संशोधन, आणि ते बाईनं एका झटक्यात मान्य केलं याचा मला फार अभिमान होता. एरवी ती माझ्या दहांतल्या नऊ जाती नापास करायची. मी सात तोंडांचा एक आणला होता. ती म्हणाली, "सात तोंडं अन् पोट एक. दिवसभर भांडतच बसतीन. जगन नाही हा."

यातलं काहीच आम्ही लिहून ठेवलं नाही. सारं तिच्या डोक्यात होतं, आणि माझ्याकडून चूक झाली की ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची.

मोठं होता होता हे सुटायला हवं होतं. माझ्या बरोबरीची पोरं सिनेमाबद्दल बोलायची, कबड्डीबद्दल बोलायची. मला मिसरूड फुटलं तरी मी संध्याकाळी घरामागच्या दगडावर बसून बहिणीला विचारायचो, मुक्यांना पिल्लं कशी ओळखू येत असतील. कोणी आलं की आम्ही गप्प व्हायचो. पोरं बिडी लपवतात तसं आम्ही ते लपवायचो. हे लाजेचं आहे हे आम्हाला पुरतं ठाऊक होतं.

बाई मॅट्रिक झाली. पुढं शिकायची तिची इच्छा होती, पण भंडाऱ्याला ठेवायचं कुणाकडं हा प्रश्न होता, आणि तेवढ्यात लाखांदूरकडचं स्थळ आलं. धानाची चांगली शेती, घरचीच बोडी, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायचं लहानसं तळं. भाटवे, म्हणजे बाईचा नवरा, शांत स्वभावाचे, कमी बोलणारे. लग्न झालं. मी कंपनीत लागलो. हजेरीच्या खिडकीत बसून मी खाली जाणाऱ्या माणसांची नावं घ्यायचो, त्यांत माझ्या वडिलांचंही नाव असायचं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी बाईकडं गेलो. चिखल्याहून लाखांदूर म्हणजे एसटीचा पूर्ण दिवस, तुमसर, भंडारा, पवनी असं उतरत-चढत. पवनीच्या स्टँडवर मी जिलबी घेतली. वाटेवर सगळीकडं हलक्या धानाची कापणी चालली होती, भारी धान अजून उभं होतं. बाईला चौथा महिना होता. ते मला तिच्या सासूबाईंनीच दारात सांगितलं, हसत. त्यांनी माझे पाय धुवायला पाणी दिलं, मला लाजवेल इतकं वाढलं. घर चांगलं होतं. तसं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई बोडीवर धुणं धुवायला गेली. मी सोबत गेलो. बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बेशरमाची झुडपं माजली होती, जांभळी फुलं आलेली. तिनं दोन लुगडी पिळून ठेवली आणि इकडंतिकडं पाहून म्हणाली, "भाऊ, मी सारं बदलवलं."

तिनं खरंच सारं बदललं होतं. सासरी आल्यावर तिला धानाचे प्रकार कळले होते. हलकं धान लवकर पिकतं, मध्यम त्याच्या मागून, भारी सगळ्यांच्या शेवटी, आणि भारीला पाणी जास्त लागतं, जपावं जास्त लागतं. तिनं डरगन त्याच रीतीनं पुन्हा लावले होते. अंडं किती काळानं पिकतं यावरून हलके, मध्यम आणि भारी. पोटभट्टे हलके. त्यांचं काय, आज अंडं, उद्या पिल्लू. शेकणे मध्यम. मुके कुठं बसतात ते तिचं ठरत नव्हतं. मी ऐकत राहिलो. तिच्या लग्नानंतरच्या दीड वर्षात मी एकही नवी जात काढली नव्हती, आणि ही धान रोवता रोवता, भांडी घासता घासता अख्खा मुलुख हलवून बसली होती. मला तिचा हेवा वाटला.

मी विचारलं, "भारीत कोण आहे?"

"एकच आहे," ती म्हणाली. "नवीन आहे. बोडीत राहते." ती पाण्याकडं पाहत होती. "त्याचं अंडं बाहेर येत नाही. पोटातच पिकते, पोटातच फुटते. मंग पिल्लू आतून खात खात बाहेर येते. माय वाचत नाही."

मी लगेच शंका काढली. एका आईला एकच पिल्लू आणि आई मरणार, तर संख्या कधी वाढायचीच नाही. एखादं पिल्लू दगावलं की तेवढी जात कमी होणार. मी म्हणालो, "चूक आहे बाई. ही जात टिकनच नाही."

"टिको का न टिको. आहे ते असं आहे."

"नाव काय ठेवलं?"

"नाही ठेवलं."

नाव ठेवल्याशिवाय जात पक्की होत नाही असं मी म्हणालो, आणि थोडा विचार करून नावही दिलं. आतखाऊ. मला ते जमल्यासारखं वाटलं. मी दोनदा-तीनदा म्हणून पाहिलं. बाईनं राहिलेलं धुणं उचललं.

झुडपांच्या पलीकडं तिची मोठी जाऊ उभी होती. ती वासरू शोधत आली होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही, पण जे ऐकलं ते पुरेसं होतं. चार महिन्यांची पोटुशी बाई आपल्या भावाला सांगते की पोटातलं पिल्लू आईला आतून खाणार, आणि भाऊ त्याला नाव देतो. जावेनं घरी जाऊन सासूला सांगितलं. त्या घरची एक लेक पहिल्या बाळंतपणात गेली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाईला ठाऊक होतं.

संध्याकाळी घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. सकाळी मी निघायची तयारी करत होतो तेव्हा भाटवे म्हणाले, दोन दिवस थांबा, तुमच्या बाबांना बोलावलं आहे. त्यांनी लाखांदूरला जाऊन तार केली होती. तारेत एवढंच होतं, ताबडतोब या. माझ्या बहिणीला कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त तिला चुलीपाशी बसू देत नव्हते आणि सासूबाई तिच्याजवळून हलत नव्हत्या. त्या रडत होत्या. मी ओसरीवर बसून असायचो. समोरून बायका पाण्याला जाताना माझ्याकडं पाहायच्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या.

वडील आले ते भर उन्हात, लाखांदूरहून पायी. त्यांनी कामावरचाच बुशशर्ट घातला होता आणि काखेत कागदात बांधलेलं काहीतरी होतं. बाई दारात उभी होती. तिला पाहिल्याबरोबर ते तिथंच, अंगणाच्या मधोमध, खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं.  काखेतला कागद फाटला होता आणि आतून हिरवं लुगडं दिसत होतं. आमच्याकडं सवाष्ण गेली की मढ्यावर माहेरचं हिरवं लुगडं घालतात. तार वाचून ते हेच समजले होते. आईला त्यांनी काही सांगितलंच नव्हतं, खाणीतून परस्पर निघाले, भंडाऱ्याला उतरून लुगडं घेतलं आणि आले. सासूबाईंनाही ते दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं. वडिलांनी कागद नीट गुंडाळला आणि मांडीखाली ठेवला.

मग ती बैठक बसली. बाईचे सासरे खरोखर भले होते. ते म्हणाले, "हे पाय बाबू, आमचा कोणावर राग नाही. काय आहे ते आमाले समजून सांग."

मी सांगायला उभा राहिलो. मी म्हणालो की हा लहानपणचा खेळ आहे. त्यांनी विचारलं, कसला खेळ. मी म्हणालो, ड्रॅगन नावाचा एक प्राणी असतो, म्हणजे नसतो, त्याच्या जाती आम्ही बनवतो. एकानं विचारलं, कशाला बनवता.  मग मी आणखी चुकलो. मला वाटलं सगळं पहिल्यापासून सांगितलं तर त्यांना कळेल. मी पोटभट्टे सांगितले, शेकणे सांगितले. मुक्यांबद्दल सांगताना माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला, कचेरीत नावं पुकारायचा तो आवाज. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काळ्यांपाशी आलो आणि थांबलो, कारण वडील माझ्याकडं पाहत होते. ज्यासाठी ते रोज खाली उतरायचे ते काळ्यांचं शेण आहे, हे मी त्यांच्यासमोर म्हणू शकलो नाही. मी खाली पाहिलं. त्यांच्या नखांत ती भुकटी होती.

सासऱ्यांनी विचारलं, "खोटं आहे म्हणतोस. मंग खोट्याचं नाव काहून ठेवलं?"

त्यांनी ते चिडून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. 

मग त्यांनी दाराकडं पाहून सुनेला विचारलं की बोडीतलं ते कुणी काढलं. बाई चौकटीला धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी मीच म्हणालो, "मी काढलं. तिनं नाही. ती नुसती ऐकत होती." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. जाऊ जवळच होती, तिनं जे ऐकलं ते वेगळं होतं, पण तीही काही बोलली नाही.

वडील उठले. त्यांनी हात जोडले. आयुष्यात मी त्यांना साहेबासमोरही हात जोडताना पाहिलं नव्हतं. ते व्याह्यांना म्हणाले, "इवाई, लेकरं आहेत. माझं ध्यान नव्हतं. माफी करा." ते पुन्हा खाली बसले तेव्हा लुगड्याचा कागद कुरकुरला. मला वाटलं जमिनीत जावं.

सासरे म्हणाले, माफीचं काही नाही, पण घरात पोटुशी आहे, मनात किंतू राहायला नको. म्हणून भगताला बोलावलं होतं. भगत म्हातारा होता, सरळ माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन चौकशी सुरू केली. ते पाण्यातलं की जमिनीवरचं? जोडीनं राहतं की एकटं? रक्त लागतं की भातावर भागतं? मी उत्तरं देत गेलो. त्याला त्याच्या नैवेद्यासाठी हे सारं हवं होतं. ते विचारणं मला इतकं ओळखीचं होतं की उत्तरं तोंडून आपोआप येत होती. भातावर भागेल, असं मी म्हणालो. तो समाधानानं उठला.

बोडीच्या पारीवर पळसाच्या पानावर भात, त्यावर लिंबू, कुंकू, कणकेचा दिवा. बाईला थोड्या अंतरावर बसवलं होतं. निम्मं गाव जमलं होतं. भगत म्हणाला की ज्यानं नाव दिलं त्यानंच त्याला नाव घेऊन जायला सांगायचं. मी पाण्याकडं तोंड करून उभा राहिलो. म्हणालो, "आतखाऊ, जा." भगत म्हणाला, असं नाही, ऐकू जाईल असं म्हण. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. माझा आवाज पाण्यावरून पलीकडच्या धानापर्यंत गेला आणि तिथं कापणी करणारी माणसं उभी राहून पाहायला लागली. मागं वळून मी बाईकडं पाहिलं नाही. पाहायची माझी हिंमत नव्हती.

परतताना एसटीत वडील खिडकीशी बसले. भंडाऱ्याला उतरून ते मला कापडाच्या दुकानात घेऊन गेले. त्यांनी लुगडं काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं घडी तपासली, विचारलं, पसंत नाही पडलं काय. वडील म्हणाले, "गरज नाही पडली." दुकानदारानं दुसरं काही घ्या म्हटलं. वडिलांनी आईसाठी निळं घेतलं.

गोष्ट आमच्या आधी चिखल्याला पोचली नाही, पण फार मागंही राहिली नाही. एसटीच्या वाटेवर सगळ्यांचे सगळीकडं नातेवाईक असतात. हजेरीच्या खिडकीशी माणसं वाकून म्हणायची, "डरगनबाबू, लावा हजेरी." काही नुसतेच हसायचे. सगळ्यात वाईट म्हणजे काहींना खरंच वाटायचं की मला काहीतरी येतं. एका माणसानं येऊन विचारलं, बायको अंगात आल्यासारखी करते, पाहता काय. मी त्याला हाकलून दिलं आणि मग दिवसभर मान वर केली नाही. वडील रांगेत असले की रांग गप्प व्हायची. मी त्यांचं नाव घ्यायचो, ते हो म्हणायचे.

सातव्या महिन्यात बाई बाळंतपणाला घरी आली. आम्ही एकमेकांशी भाजीपाल्यापलीकडं बोलत नव्हतो. एका दुपारी आई बाजाराला गेलेली, बाई तांदूळ निवडत होती, मी पाणी प्यायला आलो. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "तू कायले म्हणलं का तू काढलं म्हणून?"

मी म्हणालो, तुला त्रास झाला असता.

"मले भेव लागत होतं, भाऊ," ती म्हणाली. "सासूची पोरगी गेली ते मले लग्न झाल्यावर कळलं. त्याच खोलीत गेली. मी तिथेच निजतो. सासूले सांगता येत नव्हतं, त्या कायम तेच आठवून राहिल्या. यायले सांगितलं तं हे म्हणत, काही होत नाही. मंग मी तुले सांगितलं." थोडं थांबून ती म्हणाली, "तू म्हणला, चूक आहे, जात टिकनार नाही."

मी पेला हातात धरून उभा होतो. ओसरीवर मला जे वाटलं होतं ते या क्षणापुढं काहीच नव्हतं. तिथं निदान समोर परकी माणसं होती. मी काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

मुलगी झाली. कंपनीच्या दवाखान्यात, पहाटेपासून दुपारपर्यंत त्रास होऊन, पण दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी सासूबाई मेथीचे लाडू घेऊन इतक्या लांबून एसटीनं आल्या. बाळाला मांडीवर घेऊन बसल्या आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "बाबू, तू मनाचा चांगला आहेस. पोरीवरून एकदा हात फिरव." मी फिरवला. बाई डोळे मिटून पडली होती, जागी होती.

त्यानंतर आम्ही दोघांनी एकही जात काढली नाही. माझं लग्न झालं. बायकोला ही गोष्ट लग्नाआधीच कळली होती, तिच्या मामानं सांगितली होती. तिनं एकदाच विचारलं, खरं आहे काय. मी हो म्हणालो. तिनं पुन्हा काढलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे, पण ती ते मनात ठेवून आहे हे मला माहीत असतं.

ऐंशीच्या दशकात वडील निवृत्त झाले. खोकला लागला होता. दिवसभर अंगणात खाटेवर बसून असायचे. बाई उन्हाळ्यात मुलांना घेऊन यायची. तिची मोठी मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, सारखे प्रश्न विचारणारी. एका संध्याकाळी मी वडिलांसाठी चहा घेऊन बाहेर निघालो होतो. ती पोरगी त्यांच्या खाटेशी बसली होती आणि त्यांना म्हणत होती, आबा, सगळे म्हणतात मामा डरगन बनवायचा, तू खाली पाहिलास काय एखादा.

मी दाराच्या आत थांबलो. 

वडील म्हणाले, "एक पाहिला होता."

कसा होता, तिनं विचारलं.

"काळा होता. सकाळी खाली जाये, सांजले वर येये. पाण्याची बाटली अन् भाकर सोबत नेये."

"आग काढे काय?"

"नाही."

"पंख?"

"नाही. काहीच नव्हतं त्याले."

पोरगी विचारात पडली. मग तिनं स्वच्छ सांगून टाकलं की असला कुठं डरगन असतो काय. वडिलांना हसू आलं, आणि हसण्यातून खोकला. ते खोकत होते, ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. आत चुलीपाशी बाई हातातलं काम थांबवून बसली होती. तिनंही ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. मी चहा निवेपर्यंत दारातच उभा राहिलो, आणि शेवटी तो माझ्या बायकोनं माझ्या हातातून घेऊन बाहेर नेऊन दिला.